भिंतीच्या नाकपुड्या

अण्णा, आपल्या घराची खालच्या अंगाची भिंत पडली, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. दोन वर्षं होत आली त्याला. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणजे तुमच्यामागं ती तेरा वर्षं उभी होती आणि तुम्ही असताना अठरा. पडली ती भर दुपारी, जेवणं उरकल्यावर. परतीचा पाऊस चार दिवस लागून राहिला होता, पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि सगळे म्हणाले, आता काही होत नाही. तेवढ्यात मधला भाग फुटला आणि वरचं अंगण, तुमच्या हातच्या फरशीसकट, खाली रस्त्यावर येऊन बसलं. कुणाला लागलं नाही. माझी मोटारसायकल दगडाखाली गेली, ती गेली तर गेली. वाईट झालं ते पुढं झालं. गावात सगळे म्हणायला लागले की म्हाताऱ्याचं काम कच्चं निघालं, आणि मी ते म्हणू दिलं. हे पत्र त्यासाठीच आहे. बाकी खुशाली कळवावी असं काही नाही.

घर तुम्हाला आठवत असेलच, मी माझ्यासाठी लिहितो. आपलं घर उतारावर, रस्ता आठ फूट खाली. वरच्या अंगणाला काळ्या मातीचा भराव, कारण तेव्हा मुरूम आणायची ऐपत नव्हती आणि माती आपल्याच शेतातली होती. ती माती घसरून खाली जाऊ नये म्हणून तुम्ही ही भिंत घातली. पाया कठीण मुरूम लागेपर्यंत नेला, कंबरभर. तळाला रुंद, वर जाताना निमुळती, आणि मातीच्या अंगाला किंचित रेललेली. दर चार हातांवर एक लांब दगड असा, की त्याचं तोंड बाहेर आणि बाकी सगळा आत भरावात. भिंतीच्या पाठीशी हातभर जाडीचा गोट्यांचा आणि कपच्यांचा थर, म्हणजे पाणी मातीतून सुटून त्यात उतरेल. आणि खाली वितीवर एक, कमरेइतक्या उंचीवर एक, अशा दोन ओळींत भोकं. दगडाला दगड लावताना मध्ये मूठ जाईल एवढी जागा मुद्दाम सोडलेली, बाहेरच्या बाजूला उतरती. इंजिनिअर लोक त्याला वीप होल म्हणतात. तुम्ही नाकपुड्या म्हणायचात. पावसाळ्यात भिंतीला सर्दी होते, नाक मोकळं पाहिजे, असं गिऱ्हाइकाला सांगायचात आणि गिऱ्हाईक हसायचं. तुम्ही हसायचा नाहीत.

मी डिप्लोमाला दोनदा नापास होऊन नगरहून परत आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, म्हणजे काही लहान नव्हतो. तुम्ही एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी लुनाच्या मागं बसवून सोनईला नेलंत. तिथं शाळेतल्या एका बाईंचं घर ओढ्याच्या काठी होतं. मागची माती दर पावसाळ्यात ओढ्यात जायची, म्हणून त्यांना भिंत हवी होती आणि भिंतीच्या आत संध्याकाळी बसायला फरशीचा ओटा. माझ्या डोक्यात अजून कॉलेजची हवा होती. दगड उचलायला मला कमीपणा वाटत नव्हता, पण तुम्ही सांगाल तसा ठेवायला वाटत होता. एक डोळा मिटून तुम्ही सरळ रेघ बघायचात, तेव्हा मला हसू यायचं. मग तुम्ही मला नगरहून पाणसळ आणून दिलीत, नवी, पिवळी, काचेत बुडबुडा असलेली. तुला डोळ्यावर भरवसा न्हाई तर हिच्यावर ठेव, म्हणालात. ती मी अजून वापरतो.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही सिमेंट आणायला गेला आहात. मी एकटा आहे, अंगात जोर आहे आणि बाई मधूनमधून खिडकीतून बघताहेत. मी दुपारपर्यंत एक अख्खा थर लावून काढतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांधे गच्च भरलेले, कुठं फट नाही. इतकं स्वच्छ काम आपण कधी केलं नव्हतं असं मला वाटतं. तुम्ही येता, उभ्यानं चहा पिता, कप खाली ठेवता आणि भिंतीच्या कडेनं एकदा चालत जाता. मग विचारता, "नाकपुड्या कुठं हायेत रं?" मी सांगतो की भोकांनी भिंत विद्रूप दिसते, वर फरशी बसली की पाणी आत जाणारच नाही, आणि पुस्तकात असं आहे नि तसं आहे. पुस्तकात खरं तर तुम्ही म्हणत होता तेच होतं. म्हणून तर मी नापास झालो.

"पानी वरनंच येतं असं कोन म्हनलं तुला?" तुम्ही आवाज न चढवता बोललात. "काळी माती हाय ती. पानी पिली की फुगती, आन फुगली की ढकलती. तिला मोकळं करायला नको व्हय? काढ सगळा थर."

ओल्या सांध्यांतून एकेक दगड काढताना माझे कान तापले होते. बाई बाहेर आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. मला वाटलं, आता तुम्ही माझ्या नावानं खडे फोडणार. तुम्ही डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणालात, "बाई, माझ्याकडनं चूक झाली. भोकं सोडायची इसरलो. तुमचा एक दिवस खाल्ला म्या." बाई म्हणाल्या, असू द्या, होतं असं. तुम्ही परत येऊन माझ्या शेजारी बसलात आणि दगड पुसायला लागलात. घरी आल्यावर आईनं उशीर का झाला विचारलं. तुम्ही चुलीपुढं बसून सिमेंटनं फुटलेल्या बोटांना करडईचं तेल चोळत होता. दगड हट्टी हुते आज, एवढंच म्हणालात. त्यावर पुन्हा कधी बोलणं निघालं नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, शरम वगैरे काही वाटली नव्हती, हेही सांगून टाकतो.

ओटा झाला त्या दिवशी तुम्ही तांब्याभर पाणी मध्यभागी ओतलंत आणि उभे राहिलात. पाणी कुठं जायचं ते ठरवत असल्यासारखं थोडं थांबलं आणि मग तुम्ही दिलेल्या ढाळानं भिंतीपासून लांब, नालीकडं गेलं. त्याच वर्षी आपल्या घरची भिंत आणि अंगण केलं. तिथंही तुम्ही तसंच पाणी ओतलंत, आणि आईनं विचारलं की झालं का समाधान.

तुमच्यामागं मी घोडेगावजवळ हायवेला दुकान टाकलं. पेव्हर ब्लॉक, फरशा, गेटाशेजारी लावायचे दगड, कारंजी, बंगल्यांचं अंगण करून द्यायचं काम. बाजाराच्या दिवशी जनावरांच्या टेम्पोंची इतकी गर्दी होते की गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा मिळत नाही, पण दुकान चाललं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'पिढीजात दगडकाम' लिहून घेतलं. त्यातली पिढी म्हणजे तुम्ही. लोक तुमच्या नावावर यायचे आणि माझ्याकडून ब्लॉक घेऊन जायचे. मग चार वर्षांपूर्वी मला वाटलं, आपलंच अंगण गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं असावं. खाली रस्त्याकडेला मी नवे ब्लॉक बसवले. तर पावसाळ्यात तुमच्या नाकपुड्यांतून गढूळ पाणी यायचं आणि त्या ब्लॉकवर काळे ओघळ पडायचे. शिवाय भिंत जुनी दिसायची. बाजारात तेव्हा दगडासारखी दिसणारी टाईल आली होती. मी खऱ्या दगडाच्या भिंतीवर दगडासारखी दिसणारी टाईल चिकटवली, अण्णा. तुम्ही असतात तर खाली बसून हसला असतात.

टाईल बसवायच्या आधी भोकं बुजवावी लागली. ते काम मी कामगारांकडून करून घेतलं नाही, स्वतः केलं, कारण भोकं कशासाठी असतात हे मला माहीत होतं आणि कुणी विचारलेलं नको होतं. एकेका भोकात वाळू-सिमेंटचा माल हातानं ठासत होतो. आई चहा घेऊन खाली आली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बुजवतोस व्हय ती?" मी म्हणालो, आता नवीन केमिकल आलंय, वरून मारलं की पाणी आत शिरतच नाही. ती म्हणाली, "त्यांनी ठेवली हुती म्हनून इचारलं." कप घेऊन ती वर गेली.

पहिल्या पावसाळ्यात मधल्या भागातल्या काही टाईल सुटल्या. मी त्या भारीतल्या गोंदानं परत चिकटवल्या. दुसऱ्या वर्षी पाऊस उघडला असताना मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध भिंत चार बोटं पुढं आली होती. पोट आलं होतं तिला. त्या क्षणी मला सगळं कळलं. ड्रिल मशीन गाडीतच होतं. तासाभराचं काम होतं, दहा-बारा भोकं पाडली असती तर आत कोंडलेलं पाणी निघून गेलं असतं आणि कदाचित भिंत राहिली असती. पण टाईल फुटल्या असत्या, आणि त्याच आठवड्यात नेवाशाचं एक मोठं गिऱ्हाईक अंगण बघायला येणार होतं. मी दोरी गुंडाळून ठेवली. यंदाचा पाऊस निघून जाईल, मग उन्हाळ्यात बघू, असं मनाशी म्हणालो. अण्णा, मी नापास झालेला असलो तरी अडाणी नव्हतो. अडाण्याला निदान माहीत नव्हतं असं सांगता तरी येतं.

पडल्यावर अर्ध्या तासात गाव जमलं. शेजारचे तात्या, तुमच्याबरोबर तंबाखू मळायला बसायचे ते, काठी टेकत आले. सगळीकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्यानं सगळ्या तालुक्याला भिंती घातल्या आन घरचीच कच्ची ठेवली म्हनायची." आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती. मी म्हणालो, "जुनं काम, तात्या. तेव्हा सगळं अंदाजपंचेच असायचं." आईनं सूप उचललं आणि ती आत गेली. मी लगेच ट्रॅक्टर बोलावला. ढिगातून मी आधी ते दगड शोधून उचलले, ज्यांच्या कडेला माझ्या सिमेंटचे बोळे चिकटलेले होते. तुमच्या पाठभरावाचे गोटे चिखलानं भरून गेले होते. ते दोन वर्षं पाण्यात उभे होते, माझ्यामुळं.

आईला सगळं माहीत आहे. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी आलं आणि भिंतीचा विषय काढला की ती म्हणते, व्हय, पडली. तिनं पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं नाव जाऊ दिलं आणि मुलाचं दुकान राखलं, असा मी त्याचा अर्थ लावतो. तिनं काय लावला ते विचारायचं धैर्य मला झालेलं नाही. आता आम्ही दोघं जेवताना टीव्ही लावतो. पाटीवरचं 'पिढीजात' मी रंगवून घालवलं, जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पाटी नवी करायचीच होती. पडलेल्या जागी काँक्रीटची भिंत घातली आणि तिच्यात प्लास्टिकचे पाईप ठेवले. गिऱ्हाईक आलं की मी ते पाईप दाखवतो. पाण्याला वाट ठेवावी लागते, म्हणतो, जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा जीभ अडखळली होती. आता अडखळत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे लिहायला बसलो नसतो. यंदा उन्हाळ्यात सोनईच्या बाईंचा फोन आला. त्या आता खूप थकल्यात. आपल्या भिंतीचं त्यांनी ऐकलं होतं, त्यांचा मुलगा पुण्याहून रोज फोन करतो की पावसाळ्याआधी तुझीही भिंत काढून घे, सुट्टीत नातवंडं तिथंच खेळतात. त्यांना तुमच्यावर अविश्वास दाखवायचा नव्हता, म्हणून त्यांनी मला विचारलं. तू बघून सांग, तू म्हणशील तसं करू. मी गेलो. अण्णा, ती भिंत तुम्ही कालच हात धुऊन घरी गेल्यासारखी उभी होती. दोरी लावली, एक सूतही हललेली नव्हती. प्रत्येक नाकपुडीखाली ओघळाची जुनी खूण, आणि एकीच्या तोंडाशी इवलंसं हिरवं काहीतरी उगवलेलं. बाईंनी मला प्यायला तांब्या दिला होता, त्यातलं उरलेलं पाणी मी ओट्यावर ओतलं. ते तुम्ही सांगितलेल्या वाटेनंच गेलं.

बाई, ही भिंत आपल्या दोघांना पुरून उरेल, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडात आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की मग तुमची का पडली, आणि बाई आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारत आलेल्या. मी म्हणालो, "काढलेली बरी, बाई. एकाच हाताचं, एकाच वर्षीचं काम आहे." त्या म्हणाल्या, तूच घे मग काम. मी घेतलं.

पाडायला जेसीबी लावला. पहिले दोन तास बकेट नुसती घसरत होती. ड्रायव्हरनं मशीन थांबवून खाली उतरून बघितलं आणि विचारलं, "कोनी बांधली हो ही? निघंना की." मी जुनी आहे म्हणालो. ते लांब दगड मातीत इतके आत शिरलेले होते की एकेकासाठी खणावं लागलं. भिंत सुटली तेव्हा मागचे गोटे खळखळ करत खाली आले, कोरडे, स्वच्छ, तुम्ही पुसून ठेवल्यासारखे. खुर्ची टाकून बसलेल्या बाई उठल्या आणि जवळ आल्या. त्यातला एक गोटा हातात घेऊन म्हणाल्या, "अरे, ही तर आतून कोरडी ठणठणीत आहे. मग तुमची कशी पडली?"

प्रश्न यायचा तो आलाच. मी म्हणालो, "माती वेगळी, बाई." त्यांनी मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वडिलांबद्दल मनात काही ठेवू नकोस. त्यांच्या हातून चूक व्हायची एखादी, पण माणूस फार सरळ. इथंच एक थर चुकला होता, तर आपण होऊन मला येऊन सांगितलं. असं कोण सांगतं?"

मी "हो, बाई" म्हणालो. त्यांनी तुम्हाला क्षमा केली, माझ्या चुकीबद्दल, दुसऱ्यांदा, आणि तुमच्या वतीनं ती मी मान खाली घालून घेतली. कान तापले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिथंच उभा होतो, दगड टेम्पोत भरून झाले आणि एका शेतरस्त्याच्या खड्ड्यांत गेले. तुमच्या हातचे घडवलेले दगड आता उसाच्या ट्रॅक्टरखाली आहेत. परवा घोडेगावातून एकाचा फोन आला, त्यांच्याकडंही तुमची भिंत आहे, परसात, लिंबाखाली. सोनईच्या बाईंनी काढली म्हणे, आम्हीही काढावी का. मी सोमवारी बघायला येतो म्हणालोय. ती भिंत कशी असेल ते मला न बघता सांगता येईल, आणि मी त्यांना काय सांगणार तेही मला आत्ताच ठाऊक आहे. पुष्कळदा वाटतं, तोंड उघडावं. वाटतं आणि राहतं. आता इतके दिवस झाल्यावर खरं सांगितलं तर लोक विचारतील की इतके दिवस काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती का. तुमच्या भिंती एकेक करून जातील आणि शेवटची गेली की विषय संपेल, असं कधीकधी मनात येतं, आणि त्यानं बरं वाटतं. हेच सगळ्यात वाईट आहे.

लिहून झाल्यावर पहिल्यापासून एकदा वाचून काढलं. खोटं काही नाही. पण यात कुणाचंच नाव नाही, तुमचं नाही, आईचं नाही, बाईंचं नाही, माझंही नाही. ठरवून असं लिहायला बसलो नव्हतो. हातच जपून चालत गेला, कागद कुणाला सापडला तर ही भिंत कुणाची आणि नाकपुड्या कुणी बुजवल्या ते कळू नये म्हणून. गावांची नावं तेवढी लिहून गेलो आहे. आता ती खोडून टाकतो.